काचेवरच्या तीन रेघा

बालीगंजच्या पुलाचा चढ निम्मा झाला आणि मनोहरची मोटरसायकल उभी राहिली. आचके नाहीत, धूर नाही. मागचं चाक कुणीतरी धरून ठेवल्यासारखं झालं, गाडी हातभर घसरली आणि थांबली. दोन्ही अंगांच्या लोखंडी जाळ्यांत आणि मागच्या सीटवरच्या क्रेटात मिळून वीसेक डबे होते. ते एकमेकांवर आपटले. मागच्या बसने जीव खाऊन हॉर्न दिला असणार, कारण कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबकळून हातवारे करत होता. मनोहरने त्याच्याकडे बघून मान हलवली. हल्ली तो कशालाही मान हलवायचा.

वैशाखातली दुपार होती. कलकत्त्याचा उन्हाळा नुसता भाजत नाही, आधी शिजवतो. शर्ट पाठीला, पँट मांडीला आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीला चिकटलेला, अशा अवस्थेत या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने गाडी न्यूट्रल करून चढावर ढकलली, उतारावर सोडली आणि उरलेले डबे ढकलगाडीनेच पोचवले. बँकेतला सलील गोरे नागपूरहून बदली होऊन आलेला, तरुण आणि भुकेला. तो दारातच उभा होता. काय बोलला ते मनोहरला कळलं नाही, पण चेहऱ्यावरून चांगलं काही नसावं. मनोहरने मान हलवली.

घर उत्तरेला बागबाजारात. मराठे येऊ नयेत म्हणून शहराला जो खंदक खणला होता त्याची सुरुवात जिथे झाली, नेमक्या त्याच भागात मनोहरच्या आजोबांनी खोल्या घेतल्या. शेजारपाजारचे अजून या घराला गमतीने बर्गी, म्हणजे लुटायला आलेले मराठे स्वार, म्हणतात. आजोबा जहाज कंपनीत कारकून होते, वडील शाळेत मास्तर. मनोहरची छापखान्यातली नोकरी छापखान्यासकट बुडाली, तेव्हा मीनाक्षीने पोळपाट काढला. बदलून येणारी मराठी माणसं या शहरात कायमच असतात. बँकेची, आयकर खात्याची, फोर्ट विल्यममधल्या लष्कराची. चार दिवस त्यांना मासे आणि मिठाईचं कौतुक असतं आणि पाचव्या दिवशी ती ज्वारीची भाकरी कुठे मिळते ते विचारत फिरतात. मीनाक्षी पहाटे उठून स्वयंपाक करायची आणि मनोहर डबे पोचवायचा. नेऊन देणारे आता ॲपवर पैशाला पासरी मिळतात, पण काल दिलेला रिकामा डबा परत आणणारा कुणी मिळत नाही. म्हणजे गाडी आणि गाडीवरचा माणूस गेला की चूल गेली, इतका साधा हिशेब होता.

गाडी ठेल्यावर घालून गल्लीच्या तोंडाशी निताईच्या गॅरेजात आणली. निताईने दुसऱ्या दिवशी इंजिन खोललं. मीनाक्षी बाजारातून दोडकी घेऊन परत येत होती, ती थांबली. निताईने पिस्टन चिंधीने पुसून तिच्यापुढे धरला. एका अंगाला उभे ओरखडे होते, नखाने ओरबाडल्यासारखे. तेल कमी झालं होतं, ते खरं. पण नुसत्या तेलाने असं होत नाही, असं निताई हिंदीत सांगू लागला. ही गाडी महिनोन् महिने खालच्या गिअरमध्ये पळवली आहे. तिसरा टाकायच्या जागी दुसरा, चौथ्याच्या जागी तिसरा. इंजिन बोंबलत असतं, बोंबलतं तेव्हा तापतं आणि तेलही पितं.

"दादा," तो मनोहरला म्हणाला, "इंजिन इतना चिल्लाता है, आप कान में रुई डाल के चलाते हैं क्या?"

मनोहर हसला. निताई हसला म्हणून हसला. मीनाक्षीने ते हसू बघितलं आणि तिच्या हातातली पिशवी जड झाली. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस स्वयंपाकघरात बसून गल्लीत शिरलेली गाडी कुणाची ते आवाजावरून सांगायचा.

गाडी खोललेली होती तोवर मनोहर बसने डबे नेत राहिला. दोन हातांत दोन पिशव्या, एक खांद्याला. एका फेरीत सगळे मावत नाहीत म्हणून दोन फेऱ्या. बसची पायरी उंच, त्याचे गुडघे जुने. डबे उशिरा पोचत, वरण गार होई, आणि फोर्ट विल्यमच्या फाटकावरचा शिपाई एवढ्या पिशव्या बघून रोज नव्याने सगळं उघडायला लावी. संध्याकाळी मनोहर ओसरीत पाय पसरून बसायचा तेव्हा त्याच्या बोटांवर पिशव्यांचे वळ असत. मीनाक्षी खोबरेल तेल कोमट करून द्यायची. दोघांत बोलणं फारसं होत नसे. नवरा, बायको आणि मुलगी सोडून कंटाळा हा त्या घरातला चौथा माणूस होता आणि तोच सगळ्यांत जास्त जागा अडवायचा.

एका सकाळी तो तिच्याकडे पाठ करून लसूण सोलत बसला होता. मीनाक्षी पोळ्या लाटत होती. नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, "अहो, पाणी गेलं बघा नळाचं." तो सोलत राहिला. तिने जरा मोठ्याने तेच म्हटलं. तो सोलत राहिला. मग ती अगदी हळू म्हणाली, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही ना?" त्याने एक पाकळी सोलून वाटीत टाकली आणि दुसरी घेतली. तिला रडू आलं, पण तव्यावर पोळी होती.

कितीतरी गोष्टी तिच्या ध्यानात आल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्याने सोडून दिलं होतं. फोन आला की तो तिच्या हातात द्यायचा, म्हणायचा, तूच बोल, तुझं गिऱ्हाईक आहे. आयकर खात्यातल्या बाईंनी गावाला जाणार म्हणून आठवडाभर डबा नको असं त्याला दारात सांगितलं होतं. त्याने मान हलवली होती, आणि सबंध आठवडा डबा जाऊन कुलपाला लटकून भरलेलाच परत आला होता. तेव्हा तिने त्याला विसरभोळा म्हणून फैलावर घेतलं होतं. त्याने ते ऐकून घेतलं. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा विसरभोळा म्हणवून घेणं त्याला बरं वाटलं असणार. हे कळल्यावर तिला त्याचा राग आला आणि रागाच्या दुप्पट त्याची कीव आली.

तिने मुलीला सांगितलं. रसिका तेवीस वर्षांची, सॉल्ट लेकला एका कंपनीत कामाला, जन्मापासून इथली. तिचं मराठी घरापुरतं होतं आणि घरातही ते अधूनमधून लंगडायचं. ती सरळ बापासमोर जाऊन बसली आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या. मनोहर म्हणाला, मला सगळं ऐकू येतं. कानात ते यंत्र घातलं की हेल्मेटमध्ये शिट्ट्या वाजतात, पलीकडच्या घोषबाबूंनी दोन दिवसांत काढून टाकलं. ज्याला सगळं ऐकू येत होतं त्याने यंत्राची एवढी चौकशी का केली होती, हे कुणी विचारलं नाही. आणि कानाचा कागद एकदा हातात आला की गाडी चालवू देणार नाहीत, असंही तो म्हणाला. ते मात्र तो खरं भिऊन म्हणाला.

मीनाक्षीही तिथेच भ्यायली. तिने डॉक्टरचा विषय बाजूला सारला. हे तिने करायला नको होतं, पण पहाटे चारला उठणाऱ्या बाईला पुढच्या वर्षाचं दिसत नाही, उद्याचे डबे दिसतात. तिने मुलीला विचारलं, कानाने न ऐकता इंजिन किती ओरडतंय ते कळायची काही सोय असते का.

"असतो ना. महाग बाइकमध्ये मीटर असतो," रसिका म्हणाली. "आपल्या बाइकला नाही. पण आई, हिशोब करता येतो. गिअर माहीत, चाक माहीत, स्पीड माहीत, म्हणजे इंजिन मिनिटात किती फिरला ते निघतो."

रविवारी तो हिशेब झाला. गाडी जोडून आली होती. इंजिनाचे, गिअरांचे, चेनच्या चक्रांचे आकडे रसिकाने फोनवर शोधून काढले. राहिलं फक्त मागच्या चाकाचं माप. टायरवर लिहिलेलं माप आणि ओझ्याखाली दबलेल्या टायरचं माप यांत फरक पडतो, म्हणून डब्यांत पाणी भरून जाळ्या लादल्या आणि मनोहरला सीटवर बसवलं. टायरला खूण काय करायची, तर मीनाक्षीने देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी आणली. दसऱ्याला ती या चाकांना हळदकुंकू लावतेच. आज तिने कुंकू तेलात कालवलं आणि जिथे टायर जमिनीला टेकतो तिथे जाड ठिपका दिला. मनोहर पायाने रेटत गाडी पुढे घेत गेला, रसिका वाकून मागून. फरशीवर एक लाल डाग उमटला, चाक फिरलं, दुसरा उमटला. दोन डागांमध्ये मीनाक्षीने शिवणाची फीत धरली. एक मीटर पंच्याऐंशी. गल्लीतली पोरं आणि त्यांच्या आया गोळा झाल्या. बर्गींचा वैशाखात कसला सण म्हणून कुणीतरी विचारलं, आणि मीनाक्षीने हसून वेळ मारून नेली.

मग रसिकाने ओसरीत बसून समजावलं. ताशी तीस म्हणजे मिनिटाला पाचशे मीटर. त्याला चाकाच्या घेराने भागलं की चाकाच्या फेऱ्या. चाक एकदा फिरतं तेव्हा चेनचं पुढचं लहान चक्र तीन वेळा फिरतं, कारण मागच्याला बेचाळीस दाते आणि पुढच्याला चौदा. त्याला गिअरच्या आकड्याने गुणायचं आणि क्लचपाशी असलेल्या दात्यांच्या आकड्याने पुन्हा गुणायचं. उत्तर म्हणजे इंजिन. मिनिटाला साडेपाच हजारांच्या वर नेऊ नका, असं निताईने सांगितलं होतं. म्हणजे काटा सतराला आला की पहिला सोडायचा, बत्तिसाला दुसरा, चव्वेचाळिसाला तिसरा. स्पीडोमीटरच्या काचेवर रसिकाने आपल्या लाल नेलपॉलिशने तीन बारीक रेघा ओढल्या. मनोहर मास्तरांसमोर बसल्यासारखा ऐकत होता, म्हणजे तिच्या ओठांकडे बघत होता. रेघा वाळल्यावर त्याने बोट फिरवून बघितलं.

"दिसतंय चांगलं," तो म्हणाला. दिसतंय म्हणाला, याचं मीनाक्षीला फार वाईट वाटलं.

सोमवारी तो निघाला तेव्हा ती मुद्दाम दारात उभी राहिली. गाडीने पहिला सोडला, दुसरा धरला, आणि वळणापर्यंत तिची किंकाळी वर वर चढत गेली. मीनाक्षीला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण पंचवीस वर्षं हीच वाट ऐकलेली होती. हा आवाज बरा नव्हता. संध्याकाळी तिने विचारलं, रेघा पाळता ना? तो दुखावल्यासारखा म्हणाला की रेघेच्या बाहेर काटा केसभर जाऊ दिला नाही. हिशेब पुन्हा केला, तरी उत्तर तेच. शेवटी रसिका चेनपाशी उकिडवी बसली आणि मागच्या चक्राचे दाते बोटाने मोजू लागली. अठ्ठेचाळीस भरले. पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीसच.

मनोहरला तेव्हा आठवलं. डबे वाढले होते, पुलावर गाडी दम तोडायची, म्हणून त्यानेच निताईकडून मोठं चक्र बसवून घेतलं होतं. ओढायला बळ येतं, पण त्याच वेगाला इंजिन जास्त पळतं. निताईने सांगितलं असणारच. मनोहरने मान हलवली असणारच.

रेघा पुसून मागे सरकवल्या. पंधरा, अठ्ठावीस, अडतीस. दुसऱ्या दिवशी गाडी वळणापर्यंत गेली ती पूर्वीसारखी, पोटातून गुणगुणत. मीनाक्षी दाराच्या चौकटीला टेकून ते ऐकत राहिली. त्या दिवशी तिने गोडाचा शिरा केला आणि प्रत्येक डब्यात घातला. कारण कुणी विचारलं नाही.

दहा-बारा दिवस बरे गेले. तेल कमी झालं नाही, निताईने कौतुक केलं. मनोहरची मान जरा ताठ झाली. तो जेवताना सांगायचा, आज पुलावर दुसऱ्यातून तिसरा कसा रेघेवर टाकला, सुताचाही फरक नाही. त्याला पुन्हा काहीतरी नीट जमत होतं, आणि ती ते ऐकून घेत होती. डॉक्टरचा विषय कुणीच काढला नाही.

मग एका दुपारी मीनाक्षीला त्याच्या फोनवरून परक्या माणसाचा फोन आला. कॉलेज स्ट्रीटच्या पुढे तुमचे गृहस्थ पडले आहेत, बंगालीत तो सांगत होता, शुद्धीवर आहेत, पण काही विचारलं तर नुसती मान हलवतात.

ती टॅक्सीने पोचली तेव्हा मनोहर एका पुस्तकाच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला होता. कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटलेलं, पँट गुडघ्यावर फाटलेली. नळाचं पाणी रस्त्यावर सोडलेलं होतं. ट्राम बंद पडली तरी रूळ जागेवरच आहेत, आणि ओल्या रुळावर चाक ठरत नाही. पुढे हातगाडी थांबलेली होती. लोकांनी ओरडून सांगितलं, मागच्या मिनीबसने हॉर्न दिला. लोक अजून तेच सांगत होते, एवढे ओरडलो तरी बघितलं नाही. मिनीबस त्याच्या डोक्यापासून वावभर अंतरावर थांबली होती. डबे गटारापर्यंत गडगडले होते. वरण रस्त्यावर पसरलेलं, त्यात कुणाकुणाच्या पोळ्या. पहाटेपासूनची तिची मेहनत तिथे पडलेली होती आणि दोन कावळे ती खात होते. एका मुलीने रिकामे डबे गोळा करून, रुमालाने पुसून, पायरीवर रांगेने लावून ठेवले होते. मीनाक्षीने ते रांगेतले डबे बघितले. ती त्याच्या शेजारी बसली.

मनोहर गाडीकडे बघत होता. आरसा मोडला होता, काच मात्र शाबूत होती.

"काटा बघत होतो," तो म्हणाला. "अडतीसची रेघ यायची होती." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मीना, मला ऐकू येत नाही गं. बरेच दिवस झाले."

"माहीत आहे," ती म्हणाली. त्याला ते ऐकू गेलं नाही, आणि ती समोर येऊन पुन्हा म्हणाली नाही.

बसल्या बसल्या तिला सगळं उलगडलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. कान गेले तेव्हा हा माणूस डोळ्यांवर चालवत होता. आरसा, माणसांचे चेहरे, समोरच्याचा ब्रेकदिवा, सगळं दोन डोळ्यांवर. आणि घरच्यांनी ते डोळेही उचलून काचेवरच्या रेघांना जुंपले. इंजिन वाचवलं. त्या इंजिनावर कोण बसलं आहे ते कुणी बघितलं नाही, आणि तिने तर ते मुद्दामच बघितलं नव्हतं. ती उठली, गाडीपाशी गेली आणि अंगठ्याच्या नखाने तिन्ही रेघा खरवडून काढल्या. नेलपॉलिश चिवट होतं, वेळ लागला. तो बघत होता.

कानाच्या डॉक्टरकडे नाव घातलं. मोठं सरकारी रुग्णालय, गर्दी फार, तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. तोवर तूच बसने डबे नेतेस का, असं रसिका आईला म्हणाली. मीनाक्षी म्हणाली, मी मागे बसते.

क्रेट सीटवरून निघालं. त्यातले डबे दोन पिशव्यांत घालून ती मांडीवर घ्यायची. साडीवर जमेना म्हणून रसिकाचा पंजाबी ड्रेस उसवून सैल केला. एक्कावन्नाव्या वर्षी, डोक्यावर हेल्मेट, दोन्हीकडे पाय टाकून ती गल्लीतून निघाली तेव्हा आया पुन्हा गोळा झाल्या आणि या वेळी मोकळ्या हसल्या. खुणा ठरलेल्या होत्या. पाठीवर एक थाप म्हणजे वरचा गिअर, दोन म्हणजे खालचा. डावा खांदा दाबला की डावीकडून कुणीतरी येतंय, उजवा दाबला की उजवीकडून. पहिल्या दिवशी तिने त्याला इतकं बडवलं की दुपारी पाठ लाल झाली. सलीलने दार उघडल्यावर दोघांना बघितलं आणि काकू, तुम्ही कशाला, असं विचारलं. मनोहरने मान हलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "हिच्याशी बोला." त्याचा चेहरा उतरला होता, पण शब्द स्वच्छ होते.

परत येताना उन्हं कलली होती. डबे रिकामे झाले तरी तिच्या मांड्यांना पिशव्यांची रग लागलेली. पहाटे चारपासून ती उभी होती, घरी गेल्यावर भांडी होती, उद्याची कडधान्यं भिजवायची होती. समोर त्याची पाठ, शर्टावर मिठाचे पांढरे वळसे. हात आपोआप उचलला गेला आणि त्या पाठीवर टेकला. नुसता टेकला, कारण तो धरून ठेवायचं बळ उरलं नव्हतं.

मनोहरने ती थाप समजून लगेच चौथा टाकला. गाडी जेमतेम वीसला होती. इंजिन घशातून कण्हलं, चेन खडखडली. मीनाक्षीने ते सगळं स्पष्ट ऐकलं. दोन थापा मारायला हव्या होत्या. कण्हू दे थोडं, ती मनात म्हणाली, आणि हात तिथेच ठेवला.